ओट्याखालची जागा आणि धरणाचे पाणी

नाशिक शहरात गेल्या दोन-अडीच दशकांत उभ्या राहिलेल्या लहान सदनिकांच्या स्वयंपाकघरांविषयी जो सल्ला सर्रास दिला जातो, त्याच्या मुळाशी एक गृहीतक आहे आणि ते इतके रुळले आहे की ते गृहीतक आहे याचाच विसर पडला आहे. प्रत्येक घरात आरओ यंत्र असलेच पाहिजे, त्यामुळे विचार करायचा तो केवळ ते बसवायचे कोठे याचा, असे हे गृहीतक होय. ट्रॉल्या बनवणारे कारागीर, सदनिका सजवून देणारे आणि यंत्रांचे विक्रेते या तिघांचेही उत्तर आता जवळपास एकच झाले आहे: सिंकखालच्या कपाटात, ट्रॉल्यांच्या मागे, शक्य तर टाकी नसलेले चपटे यंत्र बसवावे, म्हणजे ओटा मोकळा राहतो, भिंत मोकळी राहते आणि पिण्याच्या पाण्याची चिंताही मिटते. हा सल्ला दोन ठिकाणी चुकतो. ज्या घरांना महापालिकेचे धरणाचे पाणी मिळते, त्यांपैकी बहुतेकांना या यंत्राची गरजच नाही. आणि ज्यांना बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यामुळे त्याची खरी गरज आहे, त्यांच्यासाठी ओट्याखालचे बंद कपाट ही घरातील सर्वांत वाईट जागा आहे.

आरओ म्हणजे व्यस्त परासरण. पाणी जाऊ देणारा, पण त्यात विरघळलेले क्षार अडवणारा पातळ पडदा मध्ये असेल, तर पाणी आपोआप कमी क्षारांच्या बाजूकडून अधिक क्षारांच्या बाजूकडे झिरपते. या क्रियेला परासरण म्हणतात. क्षारयुक्त बाजूवर पुरेसा दाब दिला की प्रवाह उलटा फिरतो आणि पडद्यापलीकडे क्षारविरहित पाणी जमू लागते. 1960 च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटपासून असा व्यवहारात टिकणारा पडदा तयार केला आणि 1965 मध्ये कॅलिफोर्नियातील कोलिंगा या गावी, जेथील भूजल खारट होते, त्यावर आधारलेले जलशुद्धीकरण केंद्र चालू झाले. हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की या पडद्याचा जन्म खाऱ्या पाण्यासाठी झाला. विरघळलेले क्षार काढणे हे त्याचे काम आहे आणि ते काम तो उत्तम करतो. जंतूही त्यातून सहसा पार होत नाहीत हे खरे, परंतु केवळ जंतू मारण्यासाठी किंवा अडवण्यासाठी त्याहून कितीतरी साधे, लहान आणि पाणी न दवडणारे उपाय उपलब्ध आहेत.

पडद्याने अडवलेले क्षार तेथेच साचू दिले तर पडदा काही दिवसांत बुजून जाईल. म्हणून त्याच्या पृष्ठभागावरून पाण्याचा एक प्रवाह सतत वाहता ठेवून ते क्षार बाहेर न्यावे लागतात. हेच ते टाकाऊ पाणी. ते यंत्राच्या बिघाडामुळे निघत नाही, त्याच्या कार्यपद्धतीचाच तो अटळ भाग आहे. घरगुती यंत्रात साधारणतः एक लिटर पिण्याचे पाणी मिळताना तीन लिटरच्या आसपास पाणी नळीवाटे बाहेर सोडले जाते. दाब कमी असेल, पडदा जुना झाला असेल किंवा प्रवाह रोखणारी बारीक नळी, जिला तंत्रज्ञ फ्लो रिस्ट्रिक्टर म्हणतात, चुकीच्या मापाची बसवली असेल, तर हे प्रमाण आणखी बिघडते.

आता नाशिकच्या पाण्याकडे वळावे. शहराच्या मोठ्या भागाला गोदावरीवरील गंगापूर धरणातून पाणी मिळते. मुकणे धरणाचे पाणी विल्होळीच्या जलशुद्धीकरण केंद्रात येऊन शहरात खेळते, आणि नाशिकरोडचा काही भाग परंपरेने दारणा नदीच्या पाण्यावर अवलंबून राहिला आहे. सह्याद्रीच्या डोंगररांगांतून उतरणारे हे पावसाचे पाणी बेसॉल्ट खडकावरून वाहत येते, आणि हा खडक पाण्यात फारसा विरघळत नसल्यामुळे धरणात साठणाऱ्या पाण्यात क्षारांचे प्रमाण कमी असते. पाण्यात विरघळलेल्या सर्व घन पदार्थांचे एकत्रित प्रमाण म्हणजे टीडीएस. भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याविषयीच्या मानकात, म्हणजे आयएस 10500 च्या 2012 च्या आवृत्तीत, टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा दर लिटरला 500 मिलिग्रॅम दिली आहे आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर 2000 पर्यंतचे पाणी चालवून घेण्यास मुभा आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरून येणारे धरणाचे पाणी यांपैकी पहिल्या मर्यादेच्याही बरेच खाली असते.

एका साध्या हिशेबाने या गोष्टीचे गांभीर्य लक्षात येईल. उदाहरणादाखल नळाच्या पाण्याचा टीडीएस 150 धरावा. यंत्रात असे चार लिटर पाणी गेले, तर त्याबरोबर 600 मिलिग्रॅम क्षार गेले. पडद्यापलीकडे मिळालेल्या एका लिटरमध्ये त्यांतील सुमारे 15 मिलिग्रॅम उतरले, तर उरलेले 585 मिलिग्रॅम टाकाऊ म्हणून सोडलेल्या तीन लिटरमध्ये वाटले जातात, म्हणजे त्या पाण्याचा टीडीएस 195 होतो. जे पाणी दूषित समजून सिंकच्या नळीत सोडले जाते, ते क्षारांच्या दृष्टीने पिण्याच्या पाण्याच्या मानकात सहज बसणारे आहे. धरणापासून पंपांनी उपसलेले, तुरटीने निवळलेले, वाळूच्या थरांतून गाळलेले आणि क्लोरीन दिलेले हे पाणी आहे. त्याच्या प्रत्येक लिटरवर शहराने खर्च केलेला आहे. त्यातील तीन चतुर्थांश भाग एका अशा दोषासाठी फेकला जातो जो त्यात नव्हताच.

यावर जो आक्षेप घेतला जातो तो पोकळ नाही आणि त्याला पूर्ण उत्तर दिले पाहिजे. धरणाचे पाणी चांगले असेल, शुद्धीकरण केंद्रातून निघतानाही ते चांगले असेल, पण नळापर्यंत ते तसेच पोहोचते याची खात्री कोण देणार, असा तो आक्षेप आहे. ही शंका रास्त आहे. शहरात पाणी चोवीस तास वाहत नाही. ते ठरावीक वेळी येते आणि मधल्या काळात जलवाहिन्यांतील दाब नाहीसा होतो. ज्या ठिकाणी जुनी वाहिनी गटाराच्या शेजारून जाते आणि तिच्या सांध्याला फट आहे, तेथे या रिकाम्या वेळात बाहेरची घाण आत ओढली जाऊ शकते. त्यानंतर पाणी इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीत पडते, तेथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते, आणि या दोन्ही टाक्या शेवटच्या कधी धुतल्या गेल्या हे बहुतेक सोसायट्यांमध्ये कोणालाही सांगता येत नाही. पावसाळ्यात कावीळ, अतिसार आणि विषमज्वर यांचे रुग्ण वाढतात त्यामागे हीच साखळी असते.

परंतु या साखळीत पाण्यात शिरते ते काय, हे पाहिले पाहिजे. त्यात जीवाणू, विषाणू आणि आमांशासारखे रोग पसरवणाऱ्या एकपेशीय जीवांची कवचबद्ध रूपे असतात. क्षारांचा येथे संबंध येत नाही. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम फुटक्या नळातून शिरत नाही. म्हणून उपायही जंतूंवरचा हवा. पाणी खळखळून उकळले की हे तिन्ही प्रकार नष्ट होतात. अतिनील किरणांचा दिवा, ज्याला बाजारात यूव्ही म्हणतात, स्वच्छ पाण्यातील जीवाणू आणि विषाणू निष्प्रभ करतो. पोकळ तंतूंची गाळणी, म्हणजे यूएफ, जीवाणू आणि कवचबद्ध जीव अडवते, तिला वीज लागत नाही आणि ती पाणी वायाही घालवत नाही. विषाणूंच्या बाबतीत ती एकटी पुरेशी नसल्यामुळे तिच्या जोडीला यूव्ही किंवा उकळणे ठेवावे. यूएफ आणि यूव्ही यांचे एकत्र यंत्र आरओपेक्षा लहान असते, त्याला टाकाऊ पाण्याची नळी लागत नाही, आणि जागेचा ज्या घरात खरोखर तुटवडा आहे तेथे ही गोष्ट लाखमोलाची आहे. जागा कमी म्हणून लहान आरओ शोधण्यापेक्षा आरओ वगळल्याने अधिक जागा वाचते, इतके हे गणित सरळ आहे.

शंका असेल तर तपासणी हाच तिचा निरास आहे, आणि तीही आवाक्यातली आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन व विकास आस्थापनेतील मांजा, मौर्य आणि राव या संशोधकांनी 1982 मध्ये हायड्रोजन सल्फाइडवर आधारलेली एक सोपी चाचणी प्रसिद्ध केली. औषध लावलेल्या कागदाच्या पट्टीवर बाटलीत पाणी भरून ठेवायचे, आणि एक-दोन दिवसांत ते काळे पडले तर त्यात मैलाजन्य दूषण आहे असे समजायचे. महाराष्ट्रातील गावोगावच्या पाणीपुरवठा योजनांमध्ये ही बाटली वापरली गेली आहे. शहरी सोसायटीच्या सचिवाला ती अवघड वाटण्याचे कारण नाही. नळाच्या टोकाला मुक्त क्लोरीन किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर असावे असे मानक सांगते, आणि ते आहे की नाही हे ऑर्थोटोलिडिनच्या काही थेंबांनी पाणी पिवळे होते का यावरून कळते. या दोन चाचण्या आणि टाकीची नियमित धुलाई यांनी जेवढे संरक्षण मिळते, तेवढे ओट्याखालच्या यंत्राने एकट्याने मिळत नाही, कारण आंघोळीचे, दात घासण्याचे आणि भाजी धुण्याचे पाणी त्या यंत्रातून येत नसते.

नाशिककरांच्या मनातील आणखी एक गैरसमज येथे दूर करायला हवा. रामकुंडापासून तपोवनापर्यंत दिसणारी गोदावरी, तिच्यावरील पाणवेली आणि तिच्यात मिसळणारे सांडपाणी पाहून घरचा नळही तेथूनच भरतो अशी भावना होते. शहरासाठी गंगापूरचे पाणी उचलले जाते ते धरणाजवळ, शहराच्या वरच्या अंगाला. सातपूर-अंबडचे कारखाने आणि शहराची वस्ती त्याच्या खालच्या अंगाला आहे. नदीचे शहरातील दूषण हे गंभीर संकट आहेच, पण ते पुढच्या गावांचे पाणी नासवते. दारणेवरील चेहेडी बंधाऱ्याची गोष्ट वेगळी आहे, तेथील पाण्याविषयी नाशिकरोडच्या रहिवाशांच्या तक्रारी वारंवार झाल्या आहेत आणि त्या गांभीर्याने घेतल्या पाहिजेत. परंतु तेथेही तक्रार सांडपाणी मिसळण्याची आहे, क्षारांची नाही. द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या शेतांतील कीटकनाशकांचा मुद्दा मांडला जातो, त्याबाबतही हे ध्यानात घ्यावे की असे बरेचसे सेंद्रिय पदार्थ सक्रिय कोळशाच्या गाळणीत शोषले जातात आणि ही गाळणी पडद्याशिवायही बसवता येते.

मग एवढ्या घरांत हे यंत्र पोहोचले कसे? त्याचे एक मोठे कारण म्हणजे घरी येऊन दाखवले जाणारे एक प्रात्यक्षिक, जे विज्ञानाच्या नावाखाली केलेली दिशाभूल आहे आणि तिला तसेच म्हटले पाहिजे. दोन पेल्यांत पाणी घेतले जाते, एकात नळाचे आणि दुसऱ्यात आरओचे. दोहोंत विजेच्या तारा जोडलेल्या धातूच्या सळ्या बुडवल्या जातात. काही क्षणांत नळाचे पाणी तपकिरी, गढूळ आणि साक्याचे होते आणि आरओचे पाणी निर्मळ राहते. घरातील वडीलधारी मंडळी तो पेला पाहून घाबरतात. वास्तविक तो साका पाण्यातून आलेला नसतो. विजेमुळे लोखंडाची सळी झिजते आणि तिच्यातील लोखंडाचे हायड्रॉक्साइड पाण्यात उतरते. नळाच्या पाण्यात क्षार असल्याने त्यातून वीज वाहते म्हणून सळी झिजते, आरओच्या पाण्यातून वीज जवळपास वाहत नाही म्हणून ती झिजत नाही. त्याच आरओच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकून प्रयोग पुन्हा केला, तर तेही पाणी तितकेच घाण दिसू लागते. विक्रेत्याला हा दुसरा भाग करून दाखवण्यास प्रत्येक घराने सांगावे.

टीडीएस मीटरचेही असेच आहे. ते पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देते. जीवाणू, विषाणू, शिसे किंवा कीटकनाशक यांच्याविषयी ते काहीही सांगू शकत नाही. मैला मिसळलेल्या पाण्याचा आकडा 160 आणि निर्धोक पाण्याचा 240 असू शकतो. आकडा जितका लहान तितके पाणी चांगले, ही समजूत या मीटरने पसरवली, आणि पुढे फारच कमी क्षारांचे पाणी चवीला बेचव लागते अशी तक्रार आली तेव्हा यंत्रांत टीडीएस कंट्रोलर नावाची कळ आली. ही कळ पडद्यातून न गेलेले थोडे पाणी पडद्यातून आलेल्या पाण्यात मिसळते. येथे तर्क पूर्ण उघडा पडतो. मूळ पाण्यात नायट्रेटसारखे घातक द्रव्य असेल, तर या मिश्रणाने ते पुन्हा पेल्यात येते. आणि तसे काही नसल्यामुळे मिश्रण निर्धोक असेल, तर सारे पाणी पडद्यातून ढकलण्याची गरज मुळातच नव्हती.

मुलांच्या आरोग्यापुढे थोडे पाणी वाया गेले तर काय बिघडले, असे आई-वडील विचारतात. त्यांच्या काळजीचा आदर राखूनच याचे उत्तर दिले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये पिण्याच्या पाण्यातील पोषक द्रव्यांविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात क्षार काढून टाकलेले पाणी दीर्घकाळ पिण्याच्या संभाव्य परिणामांवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि पाण्यातून मिळणाऱ्या कॅल्शियम-मॅग्नेशियमकडे दुर्लक्ष करू नये असा त्याचा रोख आहे. चौरस आहार मिळणाऱ्या मुलाचे यामुळे मोठे नुकसान होईल असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल, आणि ती अतिशयोक्ती येथे करायची नाही. मात्र कमी क्षारांचे पाणी आणखी क्षारहीन केल्याने मुलाला काही लाभ होतो, याला आधार नाही. उलट एक धोका वाढतो. पडद्याला क्लोरीन सोसत नसल्याने ते आधीच्या कोळशाच्या गाळणीत काढून टाकावे लागते, म्हणून यंत्राच्या साठवण टाकीतले पाणी क्लोरीनच्या संरक्षणाशिवाय तासन्‌तास उभे असते. टाकी वेळच्या वेळी धुतली नाही आणि गाळण्या बदलल्या नाहीत, तर शुद्ध म्हणून पाजले जाणारे पाणी जंतूंच्या वाढीला मोकळे मैदान देते. कपाटाच्या आत दडलेल्या यंत्राची ही देखभाल सर्वांत आधी विसरली जाते.

येथपर्यंतचे विवेचन धरणाच्या पाण्याविषयी झाले. शहराच्या कडेला, पाथर्डी फाट्याच्या पुढे किंवा आडगाव-म्हसरूळच्या बाजूला झपाट्याने वाढलेल्या वसाहतींतील ज्या इमारतींना बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर भागवावे लागते, त्यांची स्थिती निराळी आहे. बेसॉल्टच्या भेगांत वर्षानुवर्षे मुरलेले पाणी कठीण असते, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि भांड्यांवर पांढरी पुटे चढतात. शेतीच्या पट्ट्यात खतांमुळे नायट्रेटही मानकातील 45 मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू शकते. उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटल्यामुळे ते उलट वाढते. अशा घरात प्रयोगशाळेच्या अहवालाने टीडीएस 500 च्या बराच वर किंवा नायट्रेट मर्यादेबाहेर असल्याचे दाखवले, तर आरओ यंत्र घेणे शहाणपणाचेच आहे, आणि त्यासाठी अपुऱ्या जागेत वाट काढण्याचा प्रश्न खरा ठरतो.

तो प्रश्न सोडवताना आजवरच्या सल्ल्याचा क्रम उलटा करावा लागेल. यंत्राची जागा पिण्याच्या पाण्याच्या सोयीवरून ठरवली जाते. ती टाकाऊ पाण्याच्या सोयीवरून ठरवली पाहिजे. पिण्याचे वीस लिटर पाणी कळशीने, तांब्याने किंवा पाव इंची नळीने घरात कोठेही नेता येते. त्याच्या तिप्पट निघणारे साठ लिटर टाकाऊ पाणी मात्र रोज उचलून नेणे कोणालाही जमत नाही, त्यामुळे ते जेथे निघते तेथेच वापरले जाण्याची सोय असेल तरच ते वापरले जाते, नाहीतर गटारात जाते. जुन्या वाड्यांत घडवंचीवर पिण्याचे हंडे असत आणि मोरीचे पाणी परसातल्या अळूला, केळीला मिळे; पाण्याच्या दोन्ही टोकांचा विचार करून घर बांधले जाई. सदनिकेत परस नाही, पण नाशिकच्या बहुतेक सदनिकांना स्वयंपाकघरालगत ड्राय बाल्कनी असते, जेथे कपडे धुण्याचे यंत्र, मोरीचा नळ आणि फरशी पुसण्याची बादली असते. आरओ यंत्र तेथील भिंतीवर बसवावे, टाकाऊ पाण्याची नळी खाली ठेवलेल्या झाकणाच्या पिंपात सोडावी, आणि पिण्याच्या पाण्याची बारीक नळी भिंतीतून सिंकजवळच्या छोट्या तोटीपर्यंत आणावी. पिंपातले पाणी फरशी पुसायला, भांड्यांचा पहिला हात मारायला, शौचालयात ओतायला कामी येते. बोअरचा टीडीएस 1000 असेल, तर टाकाऊ पाण्याचा 1300 च्या घरात जातो. कुंडीतल्या नाजूक झाडांना तो मानवत नाही, फरशीला मानवतो.

सिडकोने वसवलेल्या सहा योजनांमधील जुन्या लहान घरांत ड्राय बाल्कनी नसते. तेथे मोरीच्या वरची भिंत हीच योग्य जागा होय, कारण तेथे बादली ठेवलेलीच असते. भिंतीवर टांगताना यंत्राचे वजन विसरू नये. भरलेल्या टाकीसह ते पंधरा-वीस किलो होते, आणि नव्या इमारतींतील एएसी ब्लॉकच्या हलक्या भिंतीत साध्या प्लॅस्टिकच्या गिट्ट्या काही महिन्यांत सैल होतात, म्हणून त्या भिंतींसाठी मिळणारे खास खिळे वापरावेत. गॅसच्या शेगडीवर किंवा तिच्या लगत यंत्र बसवू नये, तेलकट वाफेने झाकणे चिकट होतात आणि नळ्या कडक होऊन तडकतात. वरचे झाकण उघडून टाकी आतून घासता येईल एवढी मोकळी जागा सोडावी. ती सोडली नाही तर टाकी घासली जाणार नाही.

ओट्याखालच्या कपाटाविषयीचा आक्षेप आता स्पष्ट होईल. तेथे टाकाऊ पाण्याची नळी सिंकच्या सांडपाण्याच्या नळाला भोक पाडून थेट जोडली जाते, म्हणजे किती पाणी जाते ते घरातल्या कोणाच्याही डोळ्यांना कधी दिसत नाही. आणि हवेचे अंतर न ठेवता केलेल्या अशा जोडणीत नळ तुंबल्यास खरकटे पाणी नळीत उलटे चढण्याची शक्यता राहते. सांध्यातून थेंब थेंब गळणारे पाणी प्लायवुड फुगेपर्यंत कळत नाही. विजेचे बटण ओलाव्याच्या जागी येते. उंदीर नळ्या कुरतडतात. गाळणीचे भांडे पान्याने उघडायला हात फिरत नाही म्हणून तंत्रज्ञ ते काम टाळतो.

टाकी नसलेल्या यंत्राची जाहिरात जागेची बचत म्हणून होते. टाकी नाही म्हणजे तोटी उघडताक्षणी पेला भरेल इतक्या वेगाने पाणी तयार झाले पाहिजे. नेहमीच्या घरगुती पडद्याची क्षमता दिवसाला 75 गॅलन, म्हणजे तासाला सुमारे बारा लिटर असते. टाकीविना काम भागवायचे तर त्याच्या कित्येक पट मोठा पडदा आणि मोठा पंप लागतो, आणि त्यांना पुरेल असा भरपूर, सलग पाण्याचा पुरवठा लागतो. गच्चीच्या टाकीखाली लगेच असलेल्या सर्वांत वरच्या मजल्यावर पाण्याचा स्तंभ जेमतेम तीन मीटरचा, म्हणजे दाब 0.3 बारच्या आसपास मिळतो. तेवढ्यावर यंत्राचा कमी दाब ओळखणारा खटका पंप वारंवार बंद करतो. शिवाय यंत्र काही तास थांबले की पडद्याच्या दोन्ही बाजूंचे क्षार हळूहळू समान होऊ लागतात, त्यामुळे सकाळचा पहिला पेला सर्वांत जास्त क्षारांचा येतो. टाकीच्या यंत्रात तो मोठ्या साठ्यात मिसळून जातो, टाकीविना थेट ओठांशी येतो.

राष्ट्रीय हरित लवादाने 20 मे 2019 च्या आदेशात टीडीएस 500 पेक्षा कमी असलेल्या ठिकाणी आरओ यंत्रांवर बंदी घालावी, आणि जेथे ती वापरू दिली जातील तेथे किमान 60 टक्के पाणी वापरात यावे, असे पर्यावरण मंत्रालयाला सांगितले. उत्पादकांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली; पुढे नोव्हेंबर 2023 मध्ये मंत्रालयाने जलशुद्धीकरण यंत्रणांच्या वापरासंबंधी नियम अधिसूचित केले. कायदा कोठवर पोहोचला याची वाट पाहत बसण्याचे नाशिकला मात्र कारण नाही. चार माणसांचे घर पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी दिवसाला वीस लिटर पाणी या यंत्रातून घेत असेल, तर ते साठ लिटर सोडून देते. वर्षाचे ते जवळजवळ 22 हजार लिटर होतात, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर. शहरासाठी दरडोई 135 लिटरचे जे प्रमाण धरले जाते, त्याचा नववा हिस्सा असा गळून जातो. 2005 च्या जलसंपत्ती नियमन कायद्यातील समन्यायी वाटपाच्या तत्त्वानुसार 2015 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये नाशिक-नगरच्या धरणांतून मराठवाड्यातील जायकवाडी धरणासाठी पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हा या खोऱ्यात आंदोलने झाली आणि न्यायालयाचे दरवाजे ठोठावले गेले. मराठवाड्याला पाणी सोडताना थेंबाथेंबाचा हिशेब मागणाऱ्या शहराने आपल्या सिंकखालचा हिशेब लपवून ठेवणे न्यायाचे नाही.

म्हणून नाशिकमध्ये नवे घर घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला कळकळीची विनंती अशी की ट्रॉल्यांचे माप देण्याआधी आपल्या नळाचे पाणी कोठून येते ते सोसायटीत विचारावे, ते एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्यावे आणि गच्चीवरची टाकी कधी धुतली ते स्वतः जिना चढून पाहावे. अहवाल हातात येईपर्यंत ओट्याखालचे ते कपाट पिठाच्या डब्यांसाठी राहू द्यावे.